अशोकमामांचे सिनेमे बघायचे कसे

एकांकिकेच्या तालमीला नवा पोरगा आला आणि "सर, मी विनोदी करतो" म्हणाला, की मी त्याला आधी अशोक सराफांचे सिनेमे बघायला लावतो. माझ्या क्रमाने.

सुरुवात 'अशी ही बनवाबनवी'नेच (१९८८). पाठ आहे म्हणता? म्हणूनच. पुढचं वाक्य काय येणार ते ठाऊक असलं की डोळे मोकळे राहतात. सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साड्या नेसून सुधा-पार्वती झालेत, त्यांच्या मदतीला विग आहे, बदललेला आवाज आहे. धनंजय मानेकडे यातलं काही नाही, आणि सगळ्यांच्या थापा निस्तरायच्या मात्र त्यालाच. लीलाबाई काळभोर प्रश्न विचारतात तो प्रसंग आवाज बंद करून लावा. बाकीचे बोलत असताना फक्त मामांकडे बघा. उत्तर देण्याआधी ते किती थांबतात ते बघा. तो थांबा जमला तर निम्मं काम झालं.

लगोलग 'धुमधडाका' (१९८५). इथे मामांचं पात्रच सोंग घेतं, श्रीमंत उद्योगपती यदुनाथ जवळकरचं. पाइप आणि खोकल्यातून निघणारा तो जगप्रसिद्ध आवाज पोरं दुसऱ्या दिवशी तालमीत घेऊन येतात. कृपा करून आणू नका, तो मामांचा आहे. तुम्ही शोधायचं ते एवढंच, की यदुनाथच्या रुबाबाखालून मूळचा माणूस कुठे कुठे डोकावतो.

आता खाकी वर्दी. 'पांडू हवालदार'मधला (१९७५) सखाराम आणि 'सिंघम'मधला (२०११) हेड कॉन्स्टेबल सावळकर, मध्ये छत्तीस वर्षं. हे दोन सिनेमे एकाच दिवशी बघा. माझ्या मते अष्टपैलूपणाची कसोटी इथेच लागते. म्हातारा, डाकू, भिकारी अशी कामं केली की निम्मा फरक रंगभूषाच करून देते. वर्दी तीच आणि माणूस दुसरा म्हटलं की नटाकडे उरतं फक्त शरीर. सखारामसमोर दादा कोंडके आहेत. दादांपुढे नट जरा ढिला पडला की संपला, म्हणून तिथे सगळं चढ्या पट्टीत, वाक्यावर वाक्य. सावळकरला हशा वसूल करायची घाईच नाही. नायक अजय देवगण आहे, आपण ठाण्यातले जुने माणूस आहोत, हे त्याच्या उभं राहण्यातच आहे. वहीचं पान मधून दुमडा, एका बाजूला सखाराम, दुसऱ्या बाजूला सावळकर. मान, खांदे, हात, चाल. 'छान वाटलं' असलं काही लिहायचं नाही, दिसलं तेवढंच लिहायचं.

'चौकट राजा' (१९९१) थोडा अवघड. सिनेमा दिलीप प्रभावळकरांच्या नंदूचा. मामा त्यात गणा. विनोदी नटाला समोरच्याचा सीन खायची खोड असते (मलाही माझ्या नाटकात असले नट लाभलेत, नावं सांगत नाही). गणाला तशी संधी मिळेल असे प्रसंग टिपा आणि मामा तिथे काय करत नाहीत ते बघा. एखादा प्रसंग फक्त त्यांच्या ऐकण्यासाठी पुन्हा लावा. समोरच्याचं नीट ऐकणं हेही काम आहे, हे पोरांना सांगून पटत नाही, दाखवावं लागतं.

'करण अर्जुन'मधला मुनशी येताजाता बघितला तरी चालेल. मजा येते, पण अभ्यासाला त्यात फार नाही.

'वजीर' (१९९४) मात्र शेवटी, आणि एकट्याने. राजकारणावरचा गंभीर सिनेमा. चारजणांत बघितला तर मामा पडद्यावर आले की कुणीतरी सवयीने खिदळतं आणि पुढचा अर्धा तास वाया जातो. एकट्याने बघताना स्वतःवर लक्ष ठेवा. हसायला तयार झालेला तुमचा चेहरा कोणत्या प्रसंगाला सरळ झाला, ते घड्याळ बघून मिनिटासकट वहीत लिहा. मग तेवढाच भाग मागे घेऊन बघा, त्यांनी तिथे नेमकं काय केलं.