मशीन थांबलं, हे संध्याकाळी नको, तेव्हाच कळू द्या

भोसरी किंवा चाकणच्या छोट्या वर्कशॉपमध्ये लाइव्ह मॉनिटरिंगसाठी (मशीन चालू आहे की थांबलं, हे त्याच क्षणी कळण्यासाठी) सगळ्या मशीन एकदम जोडू नका. ज्या मशीनपुढे जॉबचा, म्हणजे काम करायच्या भागांचा, ढीग साठतो, ते एकच धरा.

त्याच्या पॉवर केबलवर क्लॅम्पचा (वायरभोवती चिमट्यासारखा बसणारा) करंट सेन्सर लावा. क्लॅम्प केबलमधल्या तीन फेजपैकी एकाच फेजच्या वायरभोवती हवा. तिन्ही वायर एकत्र धरल्या तर त्यांचे करंट एकमेकांना रद्द करतात आणि रीडिंग जवळपास शून्य येतं. करंट जास्त म्हणजे कटिंग चालू, थोडा म्हणजे मशीन नुसतंच उभं, शून्य म्हणजे बंद. सुरुवातीला एवढं पुरे.

मशीन पाच मिनिटं रिकामं राहिलं की मेसेज सुपरवायझरला जाऊ द्या, मालकाला नको. मालक नुसता फोन करणार, सुपरवायझर जॉब हलवायला क्रेन बोलावणार! थांबण्याचं कारण ऑपरेटरने बटणावर नोंदवावं: जॉब नाही, टूल बदल, क्वालिटीची वाट, वीज. स्क्रीनवर ऑपरेटरचं नाव मात्र दाखवू नका, नाहीतर दिवसभर ‘वीज’च दाबली जाईल.

सेटअपचा, म्हणजे पुढच्या जॉबसाठी मशीन तयार करण्याचा, वेळ वेगळा मोजा. आणि गुरुवारची साप्ताहिक सुट्टी हिशोबातून वगळा, नाहीतर आठवड्याचे आकडे उगाच वाईट दिसतात.