तीन बंदुकांच्या दोन करायच्या असतील तर

१४ डिसेंबर २०१९ला शस्त्र कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि माणशी तीन बंदुकांची मर्यादा दोनवर आली. जादाची बंदूक जमा करायला दिलेलं वर्ष केव्हाच उलटलं. तरी वडील गेले की मुलाच्या स्वतःच्या दोन आणि वारशाची एक, हा तिढा आजही पडतो, कारण वारसाहक्काच्या परवान्यालाही मर्यादा दोनचीच. भावकीत आणि ओळखीपाळखीत अशी निवड मी आठ-नऊ घरांत करून दिली आहे. पहिली माझ्याच घरातली होती आणि ती चुकली.

बंदूक रिकामी आहे का बघा, हे सांगावं लागत असेल तर पुढे वाचू नका. नंबर परवान्याशी ताडून घ्या. एखादा आकडा चुकला असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर विक्री तिथेच अडेल.

मग कामाप्रमाणे विभागणी. एकाच कामाच्या दोन बंदुका ठेवण्यात अर्थ नाही. बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) छऱ्यांची एक आणि रायफल एक, बहुतेकांना एवढंच पुरतं. रायफलीचा निकाल सोपा असतो: काडतूस दुकानात मिळतं का? ३१५ बोअरच्या रायफलीला मिळतं. पणजोबांनी संस्थानी काळात घेतलेल्या कुठल्यातरी विलायती बोअरला मिळत नसेल, तर ती रायफल कितीही देखणी असली तरी भिंतीवरची काठीच.

खरी फसगत दुनळीत, म्हणजे दोन नळ्यांच्या बारा बोअरमध्ये होते. आमच्याकडे दोन होत्या. एक आजोबांची बर्मिंगहॅमची, बाजूच्या पट्ट्यांवर वेलबुट्टी, अक्रोडाचा दस्ता हात लागून लागून काळा झालेला. दुसरी आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीची, रंग उडालेली, चाप जड. सगळ्यांनी एकच सल्ला दिला, ‘विलायती सोडू नकोस, आता आयात बंद आहे, सोनं आहे ते.’ मी देशी विकली. काही महिन्यांनी एका जुन्या मिस्त्रीने आजोबांच्या बंदुकीच्या नळ्या काढून उलट्या धरल्या आणि खालच्या सपाट भागावर बोट ठेवलं. चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, अडीच इंचाचं, म्हणजे ६५ मिलिमीटरचं होतं आणि ‘नायट्रो प्रूफ’चा, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठी नळी तपासल्याचा, शिक्का कुठेच नव्हता. नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. आजच्या काडतुसांसाठी त्यांची कधी चाचणीच झाली नव्हती.

इथे लोक हमखास म्हणतात, ‘पण काडतूस तर व्यवस्थित बसतं!’ बसणारच. काडतुसावर छापलेली ७० मिलिमीटर ही लांबी बार उडाल्यानंतरची असते. तोंड दुमडलेलं असताना ते आखूड असतं आणि ६५च्या चेंबरमध्ये मुकाट जातं. बार उडाला की दुमड उलगडते, पुढच्या निमुळत्या भागात घुसते, वाट चिंचोळी होते आणि दाब वाढतो. शंभर वर्षांच्या पातळ नळीत हे नको. बसतं म्हणजे चालतं असं सांगणाऱ्याला त्याचीच बंदूक उडवायला सांगा. आणि चेंबर लांबवून घेण्याचा सल्ला तर त्याहून वाईट, कारण त्यात जिथे दाब सर्वांत जास्त तिथलंच लोखंड खरवडलं जातं.

म्हणून घरी एवढं करा. नळ्या सुट्या करून खालचे शिक्के भिंगाने वाचा. साधी सहा इंची स्टीलची पट्टी मागून आत सरकवा. चेंबर संपून नळी निमुळती होते तिथे ती अडते. एवढ्याने अंदाज येतो, नक्की माप मिस्त्रीच्या गेजनेच. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी नक्षी दिसली तर ती बहुधा दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली जुनी नळी आहे. ती नुसती जपायची, उडवायची नाही.

नळीत बघताना बल्ब नको, खिडकी हवी. चौकटीच्या कडेची सावली नळीभर सरळ धावली पाहिजे. कुठे वाकली किंवा फुगली तर तिथे पोचा आहे. मग हुकाला दोरी बांधून नळ्या टांगा आणि पेन्सिलीने टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर ठीक, फुटक्या मडक्यासारखा आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटली आहे. शेवटी पुढचं लाकूड काढून बंदूक बंद करा आणि दस्ता धरून हलवा. खटखट वाजली तर सांधा ढिला. या तपासणीत आमची देशी कदाचित सहज पास झाली असती. आजोबांची मात्र दोनपैकी एक जागा अडवून बसली आणि एकही बार काढला नाही.

विक्री कंटाळवाणी आहे, अवघड नाही. दुसऱ्या परवानाधारकाला विकायची असेल तर त्याच्या नाव-पत्त्यासह जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवा. त्यानंतर किमान ४५ दिवस जायलाच हवेत. तोवर ‘विश्वासाने’ आधीच बंदूक देऊन टाकू नका, ते सरळ गुन्ह्यात मोडतं. घाई असेल तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे द्या, भाव पडेल. आणखी एक वाट आहे: परवानाधारक सत्तरीला पोचला असेल किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं असेल, तर तो हयात असतानाच कायदेशीर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. पोरगा लायक आणि हौशी असेल तरच, नाहीतर त्याच्या गळ्यात लोढणं.

ठाण्यात जमा करून विसरून जाण्याचा मार्ग मला अजिबात पटत नाही. एका ओळखीच्याची रायफल पावसाळाभर तशीच पडली आणि परत आली ती गंजाचं गाठोडं होऊन. जमा करावीच लागली तर ग्रीस फासून द्या, नंबरासकट फोटो काढा, पावतीवर दस्त्याची आणि नळीची अवस्था लिहून घ्या.

बंदूक गेली की परवान्यावरची नोंद त्याच आठवड्यात कमी करून घ्या. काडतुसंही शोधा. टू-टू (.२२ बोअरची रायफल) विकून वर्ष झाल्यावर माझ्या सुतारकामाच्या खणात, खिळ्यांच्या डब्याखाली तिची अर्धी पेटी सापडली. परवान्यावर ते बोअरच उरलं नव्हतं. पेटी दुकानात जमा करून पावती घेतली तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते.