हेअर ट्रान्सप्लांट: आधी डॉक्टर ठरवा, पद्धत नंतर

सोलापुरात हेअर ट्रान्सप्लांटची चौकशी करणारे बहुतेक जण ‘एफयूई करू की डीएचआय?’ इथूनच, म्हणजे केस काढण्या-लावण्याच्या पद्धतीपासूनच, सुरुवात करतात. त्याआधी दोन गोष्टींचा निकाल लागायला हवा: केस नेमके कशामुळे गेले, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला काढून पुढे लावण्याजोगे केस किती आहेत. हे दोन्ही कळलं की पद्धतीचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

केस का गेले?

कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकणारं आणि टाळूवर गोल पडणारं, म्हणजे घराण्यात चालत आलेलं नेहमीचं टक्कल, हे या शस्त्रक्रियेचं मुख्य क्षेत्र. चाई पडलेली असेल, किंवा केसांच्या मुळाशी लाली, खवले आणि जळजळ असेल, तर आजार शांत होईपर्यंत केस लावून उपयोग नाही, लावलेलेही जातात. डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतरची गळती दोन-तीन महिन्यांनी सुरू होते आणि बहुधा सहा-आठ महिन्यांत आपली आपण थांबते. थायरॉईड आणि कमी हिमोग्लोबिन हेही नेहमीचे संशयित.

एवढ्या निदानासाठी पुण्याला जायची गरज नाही. सोलापुरात त्वचारोगतज्ज्ञ आहेत, आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या त्वचारोग ओपीडीतही दाखवता येतं. डर्मोस्कोप (कातडी मोठी करून दाखवणारं भिंग) लावून डोक्याची कातडी पाहिलीच पाहिजे. नुसता फोटो व्हॉट्सॲपवर मागवून ‘तुम्हाला ३,००० ग्राफ्ट (केसांचे झुबके) लागतील’ सांगणाऱ्याने निदान केलेलं नाही, दर सांगितलाय.

वय पंचविशीच्या आत असेल तर थांबा. टक्कल पुढे कुठवर जाणार हे त्या वयात दिसत नाही. विशीत कपाळावर खाली ओढून घेतलेली हेअरलाईन चाळिशीत मागचं सगळं गेल्यावर एकटीच उभी राहते. तोवर डोक्याला लावायचं ५ टक्के मिनॉक्सिडिल आणि डॉक्टरांनी लिहून दिली तर फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी, हे वर्षभर घेऊन पाहायचं. फिनास्टेराइडने काहींना लैंगिक तक्रारी होतात, ते आधीच विचारून घ्या. आणि घरात गरोदर बाई असेल तर फुटलेल्या गोळीला तिचा हात लागू देऊ नका. स्थळं पाहायला सुरुवात झाली म्हणून घाईने टेबलावर झोपणं हे चुकीच्या निर्णयाचं सगळ्यांत नेहमीचं कारण आहे.

साठा किती, खर्च किती

मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातले केस टक्कल घडवणाऱ्या हार्मोनला दाद देत नाहीत, आणि पुढे लावले तरी तो गुण सोडत नाहीत. सगळी शस्त्रक्रिया याच एका गोष्टीवर उभी आहे. केस एकेकटे नसतात. एक ते चार केसांचा एक झुबका असतो, तोच ग्राफ्ट. सरासरी एका ग्राफ्टमध्ये दोनच्या आसपास केस. म्हणून ‘४,०००’ हा आकडा ऐकला की पहिलं विचारा: ग्राफ्ट की केस? तिथेच निम्म्याचा फरक पडतो.

मागच्या पट्ट्यात दर चौरस सेंटिमीटरला साधारण ६५ ते ८५ ग्राफ्ट असतात. विरळ न दिसता त्यातून आयुष्यभरात काढता येतात सुमारे ५,००० ते ६,०००. पातळ केस असलेल्यांचे त्याहून कमी. उजनी धरण एका चांगल्या पावसात उणे साठ्यातून वर येतं, केसांचा हा साठा मात्र एकदाच भरलेला असतो. सगळा पहिल्याच बैठकीत उपसला तर पुढच्या दहा वर्षांत जे टक्कल वाढेल त्याला काही उरत नाही.

लागणारी संख्या घरीही अदमासता येते. पारदर्शक प्लास्टिकचा कागद टकलावर ठेवून पेनाने कड काढा, तो आलेखाच्या कागदावर ठेवून चौरस सेंटिमीटर मोजा आणि ४० ने गुणा. पुढचा भाग ५० चौरस सेंटिमीटर निघाला तर सुमारे २,००० ग्राफ्ट. मूळ दाटी याच्या दुप्पट असते, पण डोळ्याला निम्मी दाटीही भरलेली वाटते. तुमचा हिशेब आणि क्लिनिकचा आकडा यांत मोठी तफावत असेल तर कारण मागा. कधी ते योग्यच असतं: टाळूवर केस भोवऱ्यासारखे फिरतात, तिथे दाट दाखवायला ग्राफ्ट जास्त खर्च होतात. म्हणूनच साठा कमी असेल तर समजूतदार डॉक्टर पुढची चौकट आधी बसवतो आणि टाळूचं काम नंतरसाठी ठेवतो.

डॉक्टर तपासण्याची रीत

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. प्लास्टिक सर्जरीतली किंवा त्वचारोगातली पदव्युत्तर पदवी, त्यात या कामाचं रीतसर प्रशिक्षण, आणि आणीबाणी हाताळता येईल अशी जागा, असा त्यांचा रोख. कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून हे शिकता येत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. नावापुढे ‘ट्रायकॉलॉजिस्ट’ किंवा ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ लिहिलेलं असणं म्हणजे शस्त्रक्रियेची पात्रता नव्हे. नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव, पदवी आणि नोंदणीची मुदत ताडून पाहा. दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्याला कोणाचा राग येत असेल तर तेही कळलेलं बरं.

त्यानंतरचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: माझ्या डोक्यावर हत्यार कोण चालवणार? कामाचे टप्पे चार. भूल देणं, मुळं सोडवणं, पुढे बारीक चिरा पाडणं आणि त्यांत ग्राफ्ट बसवणं. प्रशिक्षित सहायकांनी ग्राफ्ट उचलून बसवणं सर्रास चालतं आणि त्यात गैर नाही. पण भूल, पंच (मूळ सोडवणारं गोल पोकळ पातं) चालवणं आणि चिरा पाडणं हे डॉक्टरने स्वतः करायला हवं. केस कुठल्या कोनात आणि कुठल्या दिशेला उगवणार, हे चिरांच्या वेळीच ठरून जातं. पुढच्या ओळीत चीर जवळजवळ आडवी, १५-२० अंशांची लागते. ती उभी पडली तर केस खराट्यासारखे ताठ उभे राहतात आणि ते नंतर विंचरून बसत नाहीत. ‘सर सुरुवातीला येऊन जातील’ असं उत्तर मिळालं तर उठून या. सर त्या दिवशी किती पेशंट घेणार आहेत, हेही विचारा.

फोटो दाखवतील. फक्त पुढचे पाहू नका. त्याच उजेडात, केस ओले करून, कंगव्याने मागे घेतलेला वर्षानंतरचा फोटो मागा, आणि सोबत मागच्या बाजूचाही. डोनरचा, म्हणजे जिथून केस काढले त्या मागच्या भागाचा, फोटो जिथे एकही नसतो तिथे तो का नसतो, याचा अंदाज बांधता येतो.

पद्धती

मुळं काढण्याच्या पद्धती दोनच आहेत. एफयूटीमध्ये मागून एक ते दीड सेंटिमीटर रुंदीची कातडीची पट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तिचे ग्राफ्ट करतात, टाके १०-१४ दिवसांनी निघतात आणि एक लांब रेघ राहते. एफयूईमध्ये ०.८ ते १ मिलिमीटरच्या पंचने एकेक मूळ सोडवतात आणि मागे बारीक पांढरे ठिपके राहतात. एफयूईत टाके नाहीत, दुखणं कमी, केस बारीक कापता येतात. पण मागची बाजू बहुधा भादरावी लागते आणि मुळं तुटण्याचा धोका जास्त. एफयूटीला हल्ली कोणी विचारत नाही, हे जरा अन्यायाचं आहे: टक्कल मोठं आहे, केस लांब ठेवता आणि जास्तीत जास्त ग्राफ्ट हवेत, तर ती अजूनही चांगली निवड ठरते. जखमेची जाड गाठ धरणाऱ्या कातडीला मात्र नको.

उरलेली नावं ही बसवण्याची अवजारं. डीएचआय म्हणजे पेनासारख्या इम्प्लांटरने चीर आणि रोपण एकाच झटक्यात. मूळ काढायचं एफयूईनेच. आहेत त्या केसांच्या मधे भर घालायला तो सोयीचा, पण पेन ज्याच्या हातात तोच कोन ठरवतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो हात सहायकाचा असतो. ‘सफायर’ म्हणजे नीलमण्याच्या पात्याने पाडलेली चीर. पातं चांगलं असतं, पण त्यापायी दर दीडपट व्हावा इतका फरक निकालात पडत नाही.

पद्धतीपेक्षा हे तीन प्रश्न जास्त कामाचे. पंच केवढा? १ मिलिमीटरच्या वर गेला की ठिपके दिसू लागतात. तुटलेल्या मुळांचं प्रमाण किती? मोजणारा डॉक्टर आकडा देतो. ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. काढलेले ग्राफ्ट बाहेर किती वेळ राहतात आणि कशात? थंड द्रावणात, ओलसर ठेवलेले हवेत. पंख्याखाली ते काही मिनिटांत सुकतात आणि सुकलेलं मूळ परत जगत नाही.

दर आणि कागद

या शस्त्रक्रियेला विमा लागू होत नाही, आणि जीएसटीची आरोग्यसेवेची सवलतही नाही. १८ टक्के धरा. समजा ४० रुपयांच्या दराने २,००० ग्राफ्ट, तर ८०,०००. त्यावर कर १४,४००. औषधं, पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला घटक डोक्यात टोचणं) आणि नंतरच्या तपासण्या आत धरल्या आहेत का, ते लिहून घ्या. ‘अनलिमिटेड ग्राफ्ट’चं पॅकेज तुमच्या मागच्या साठ्यावरचा दरोडा असतो. शिवाय २,५००-३,००० च्या वर एका दिवसात गेलं की शेवटचे ग्राफ्ट थकलेल्या हातांनी बसतात.

पुणे-हैदराबाद की इथेच?

इथे वर सांगितलेल्या कसोटीला उतरणारा डॉक्टर असेल तर जवळ असण्याचा फायदा मोठा, कारण पहिल्या दहा दिवसांत काहीही झालं तरी दाखवता येतं. बाहेर जात असाल तर शस्त्रक्रियेच्या रात्री परतीची गाडी धरू नका. दोन-तीन रात्री तिथेच राहा, डोकं पहिल्यांदा क्लिनिकमध्येच धुऊन घ्या आणि मग निघा. परतताना मान टेकवायला गळ्याभोवतीची उशी न्या. सीटला डोकं घासलं तर मागच्या जखमा चिघळतात.

मुहूर्त नोव्हेंबर ते जानेवारीचा चांगला. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४२-४३ च्या पुढे जातो, घामाने खपल्या ओल्या राहतात आणि ऊन तर टाळायचंच असतं. जानेवारीत केलं तर सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत आणि धुळीत पंधरा दिवस जाऊ नका. लग्न ठरलं असेल तर किमान दहा-बारा महिने आधी.

त्या दिवसाआधी आणि त्या दिवशी

आधी या तपासण्या लागतात: हिमोग्राम, साखर, रक्त गोठण्याची वेळ, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, चाळिशीनंतर ईसीजी. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना विचारा. बीडी-सिगारेट, तंबाखू, मावा, गुटखा हे आधी दोन आठवडे आणि नंतर दोन आठवडे पूर्ण बंद. निकोटीनने रक्तवाहिन्या आवळतात, आणि पुढची कातडी काळी पडून मरण्याचे प्रकार त्यातून होतात.

वजन खरं सांगा. अॅड्रेनॅलिनसह लिग्नोकेन या भुलीच्या औषधाची मर्यादा दर किलोला ७ मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ४९० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं औषध साडेचोवीस मिलिलिटर. ३० मिलिलिटरची अख्खी बाटली एका दमात टोचली तर ही मर्यादा ओलांडते. ओठ बधिर होणं, तोंडात धातूची चव, कानात गुंई असा आवाज आला की लगेच सांगा. पुढची पायरी झटक्यांची असते. बीपीसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर ते आधीच सांगा. खोलीत ऑक्सिजन, पल्स ऑक्सिमीटर आणि आणीबाणीची औषधं आहेत का, हे डोळ्यांनी पाहा.

बटणाचा शर्ट घाला, गळ्यातून काढायचा टी-शर्ट नको.

नंतर

पहिले चार-पाच दिवस डोकं ३०-४५ अंश वर ठेवून झोपा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळ आणि डोळे सुजतात. भीतीचं कारण नाही, तीन दिवसांत उतरतं. डोकं धुवायचं ४८ ते ७२ तासांनी, मगमधून हलकी धार सोडून, चोळायचं नाही. नळाला पाणी रोज येत नसेल तर दोन बादल्या स्वच्छ पाणी शस्त्रक्रियेच्या आधीच झाकून ठेवा. बोअरचं जड पाणी पहिले दहा दिवस टाळलेलं बरं. आणि आपल्याकडचा टेरी टॉवेल कितीही चांगला असला तरी डोक्याला लावू नका. त्याच्या फासांत खपली अडकून ग्राफ्ट ओढून येतो. जुनं मऊ धोतर टेकवून पाणी टिपा.

खपल्या ७ ते १० दिवसांत जायला हव्यात. दहाव्या दिवसापर्यंत मुळं पक्की धरतात. तोवर हेल्मेट घालता येत नाही, म्हणजे गाडीही चालवायची नाही. दुचाकीवाल्यांनी सुट्टी त्या हिशेबाने काढावी. वाढतं दुखणं, पू, ताप, किंवा कातडी काळी पडणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

दोन ते सहा आठवड्यांत लावलेले बहुतेक केस गळतात, आणि आजूबाजूचे मूळचेही काही. फसवलं असं वाटून लोक इथेच भांडायला जातात. मूळ आत असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, कधी कुरळे केस फुटतात, सहाव्या महिन्यात निम्मा फरक दिसतो, पूर्ण निकाल १२ महिन्यांनी आणि टाळूवर कधी १८ ने. दुसरी बैठक त्याआधी ठरवू नका. मूळचे केस टिकवायचे तर औषध पुढेही चालू ठेवावं लागतं.

निघताना शस्त्रक्रियेची नोंद लेखी घ्या: एकेरी, दुहेरी, तिहेरी ग्राफ्ट किती, पंच केवढा, किती मुळं तुटली, मागे अंदाजे किती शिल्लक. पाच वर्षांनी दुसऱ्या कोणाकडे जावं लागलं तर तो हाच कागद मागेल.