कॉन्स्टेलेशन सुरेख, डेटा शून्य: अनोळखी सिग्नल पकडताना या चुका टाळा

स्क्रीनवरच्या कॉन्स्टेलेशनमध्ये, म्हणजे आलेल्या सिम्बॉलांच्या (एकेका वेळी पाठवलेल्या डेटाच्या तुकड्यांच्या) ठिपक्यांच्या चित्रात, छान गोल कडं दिसतंय, एरर खाली येऊन स्थिरावलाय, पण डिकोडरमधून एक बाइटही बाहेर पडत नाही. अनोळखी सिग्नलवर अडॅप्टिव्ह फिल्टर (स्वतःला सुधारत जाणारा फिल्टर) लावून बसलेल्यांना हे चित्र ओळखीचं असेल. माझे यात सलग दोन रविवार गेले.

पाठवणाऱ्याचा ट्रेनिंग क्रम (आधीच ठरलेले सिम्बॉल) माहीत असेल, तर १९६० साली विड्रो आणि हॉफ यांनी दिलेला एलएमएस (लीस्ट मीन स्क्वेअर) अल्गोरिदम पुरतो. अपेक्षित सिम्बॉल आणि आलेला सिम्बॉल यांतला फरक कमी होईल तसे टॅप, म्हणजे फिल्टरची वजनं, बदलत जायचं. अनोळखी सिग्नलमध्ये अपेक्षित काय हेच ठाऊक नसतं, म्हणून बहुतेक जण सीएमए (कॉन्स्टंट मॉड्युलस अल्गोरिदम) लावतात. गोडार्ड यांनी १९८० मध्ये आणि ट्रायक्लर व एजी यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही पद्धत एकच गोष्ट बघते: आउटपुटचा मॉड्युलस (मोठेपणा) ठरलेल्या आकड्याजवळ आहे का. फेज, फ्रिक्वेन्सी, सिम्बॉल रेट यांच्याशी तिला देणंघेणं नाही. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

कडं कशाचं आहे ते न बघणं

त्या कड्याचे दोन अर्थ निघतात. कॅरिअर (वाहक लहर) थोडा सरकलेला असेल तर क्यूपीएसकेचे (चार फेजांत डेटा पाठवायच्या पद्धतीचे) चार ठिपके गरगर फिरतात आणि कडं दिसतं. यात बिघाड काही नाही, पुढचा कॉस्टास लूप (कॅरिअरची फेज पकडून ठेवणारा भाग) ते थांबवतो. दुसरा अर्थ जास्त त्रासदायक: फिल्टरने तुमचा सिग्नल सोडून शेजारची एखादी टोन (एकाच फ्रिक्वेन्सीची लहर) पकडलेली असते. शुद्ध टोनचा मॉड्युलस कायम स्थिर असतो, त्यामुळे सीएमएच्या दृष्टीने ती आदर्शच. टोन जोरदार असेल तर फिल्टर तिच्यावर जाऊन बसतो आणि सिग्नलच गाळून टाकतो.

ओळखायला सोपं आहे. फिल्टरच्या आउटपुटचा एफएफटी (कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती जोर आहे याचा आलेख) बघा. क्यूपीएसके असेल तर रुंद टेकाड दिसतं, टोन असेल तर एकच सुई. मला सुई दिसली. टेबलावरच्या मॉनिटरची केबल उपसली, तशी ती गेली.

केबल उपसून भागत नसेल तर टोन सीएमएच्या आधीच काढा. सिग्नलची उशिराची प्रत एलएमएसला द्यायची आणि तिच्यावरून आत्ताचा नमुना ओळखायला लावायचा. टोन ओळखता येते, डेटा येत नाही, आणि जे ओळखता आलं ते वजा करायचं. उशीर मात्र काही सिम्बॉलांइतका हवा. एका सिम्बॉलपेक्षा कमी ठेवलात तर फिल्टर डेटाच खाऊ लागतो.

फ्रिक्वेन्सी आणि सिम्बॉल रेट अंदाजाने धरणं

सरावाला रशियाच्या मेटिऑर हवामान उपग्रहांचा एलआरपीटी सिग्नल (चित्रं पाठवणारा डिजिटल सिग्नल) घ्या: १३७ मेगाहर्ट्झचा पट्टा, सेकंदाला ७२ हजार सिम्बॉल. उत्तर माहीत असलेला सिग्नल अनोळखी मानून सोडवला की चूक कुठे होते ते कळतं. स्वस्त रेडिओ रिसीव्हर डोंगलचा क्रिस्टल ५० पीपीएम (दहा लाखांत ५०) चुकला तर इथे जवळपास ७ किलोहर्ट्झची चूक होते. कॉस्टास लूपला एवढी ओढ सहसा झेपत नाही. साध्या क्यूपीएसकेचा चौथा घात घेऊन एफएफटी काढा, ऑफसेटच्या चौपटीवर रेघ उभी राहते. मॉड्युलसचा वर्ग घेऊन एफएफटी काढलात की सिम्बॉल रेटवर रेघ मिळते. त्याप्रमाणे रिसॅम्पल करून दर सिम्बॉलला दोन नमुने ठेवा. रेट चुकला असेल तर टॅपांचा उंचवटा हळूहळू एका टोकाकडे सरकताना दिसेल, टोक आलं की सगळं कोसळतं.

काही नव्या मेटिऑरवर ऑफसेट क्यूपीएसके आहे. त्यात आय आणि क्यू (सिग्नलचे दोन घटक) अर्ध्या सिम्बॉलच्या अंतराने बदलतात, म्हणून सिम्बॉलच्या क्षणी मॉड्युलस स्थिर नसतो आणि साधा सीएमए अडखळतो.

एजीसी (पातळी आपोआप सांभाळणं) न लावता स्टेप साइझशी झगडणं

सीएमएच्या दुरुस्तीत आउटपुटचा घन येतो आणि तो वर इनपुटने गुणला जातो. सिग्नल दुप्पट झाला तर धक्का सोळापटीपर्यंत जाऊ शकतो. उपग्रह डोक्यावर येताना हेच होतं, क्षितिजाजवळ नीट चालणारा फिल्टर मध्येच फुटतो. आधी एजीसीने सरासरी पॉवर १ वर आणा, मग स्टेप (दर दुरुस्तीचा आकार) ०.००१ पासून सुरू करा. एजीसी संथ ठेवा.

सगळे टॅप शून्यावर ठेवून सुरुवात कधीही करू नका. आउटपुट शून्य म्हणजे दुरुस्तीही शून्य, फिल्टर जागचा हलणार नाही. मधला टॅप १, बाकी शून्य.

डिसिजन-डायरेक्टेड मोडवर घाईने जाणं

या मोडमध्ये फिल्टर जवळच्या सिम्बॉललाच बरोबर उत्तर मानून शिकतो. ठिपक्यांचे चार पुंजके स्पष्ट वेगळे दिसेपर्यंत थांबा. त्याआधी गेलात तर फिल्टर स्वतःचेच चुकीचे निर्णय खरे धरून शिकतो.

पुंजके छान दिसूनही डेटा येत नसेल, तर कॉन्स्टेलेशन ९० अंशांच्या पटीत फिरून अडकलेलं असू शकतं, आणि आय-क्यूची अदलाबदलही झालेली असू शकते. अशा आठ शक्यता होतात. आठही व्हिटर्बीतून (चुका दुरुस्त करणाऱ्या डिकोडरमधून) काढून बघा. एलआरपीटीत ३२ बिटांचा सिंक मार्कर (फ्रेमची सुरुवात सांगणारी खूण) दर १०२४ बाइटांनी येतो. एकीत तो नेमका त्या अंतराने सापडला की पुढचं काम डिकोडरचं.