ग्रीक शोकांतिका वाचताना या चुका टाळा (आणि इडिपसला गर्विष्ठ म्हणणं आधी थांबवा)

'गर्वाचं घर खाली.' ग्रीक शोकांतिकेवरचे निबंध तपासताना हे वाक्य इतक्यांदा समोर आलंय की हल्ली मी आधी शेवटचं पान उघडून ते आहे ना, एवढं बघून घेतो. इडिपस राजा गर्विष्ठ, त्याचा मेहुणा क्रिऑन गर्विष्ठ, त्याची मुलगी अँटिगनीसुद्धा गर्विष्ठ. सगळे एकाच रोगाने गेले!

ग्रीक नाटककार सोफोक्लीजच्या 'इडिपस' नाटकातल्या थीब्ज शहराच्या या राजापुरता हिशोब मांडून बघा. त्याच्या बापाला, लायस राजाला, डेल्फीच्या अपोलो देवाच्या देवळातून कौल आला की मुलगा झाला तर त्याच्याच हातून तू मरशील. तेव्हा इडिपस जन्मालाही आलेला नव्हता. न जन्मलेल्या पोराने गर्व केला कधी? नकळत केलेला बापाचा खून आणि आईशी लग्न, दोन्ही गोष्टी नाटक सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधी घडून गेल्यात. रंगमंचावर तो आंधळ्या भविष्यवेत्त्या टायरेसियसवर खेकसतो, पुरावा नसताना क्रिऑनवर कटाचा आळ घेतो, हे खरं. माणूस तापट आहेच. मग एखादं हुशार पोर विचारतं, 'सर, बाप कोण हे न कळता ज्या तिवाट्यावर त्याला मारलं, तिथे त्याने राग आवरला असता तर?' तर कौल दुसऱ्या कुठल्या वाटेने खरा झाला असता. सोफोक्लीजने त्यात सुटकेची अट ठेवलेलीच नाही.

हा गैरसमज निबंधातच राहिला असता तर मी एवढा वैतागलो नसतो. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आधी एका संघाने मला तालीम बघायला बोलावलं. दिग्दर्शक पोरगा उत्साही, आवाज खणखणीत, आणि हातात एक गाईड. त्याचा इडिपस पहिल्या प्रवेशापासून छाती काढून, हनुवटी वर करून, प्रजेकडे तुच्छतेने बघत फिरत होता. वेळेचं बंधन होतं म्हणून सुरुवातीचा प्रसंग कापला होता. कारण काय, तर 'त्यात नुसतं बोलणं आहे, सर.'

आता त्या नुसत्या बोलण्यात काय आहे? थीब्जमध्ये रोगराई पसरलीय, पिकं करपलीत, लोक राजवाड्यासमोर येऊन बसलेत. इडिपस त्यांना 'मुलांनो' म्हणून हाक मारतो. निरोप्याकडून ऐकणं बरं वाटलं नाही म्हणून मी स्वतः आलो, असं सांगतो. तुम्ही प्रत्येक जण आपापल्या दुःखाने दुःखी आहात, मी मात्र शहराच्या, माझ्या आणि तुमच्याही, म्हणतो. पुजारी उपाय करा म्हणेपर्यंत त्याने क्रिऑनला डेल्फीला धाडलेलंही असतं. हे सगळं कापलं आणि उरला एक माजोरडा राजा. परिणाम स्पर्धेत दिसला. सत्य कळल्यावर स्वतःचे डोळे फोडून घेतलेला इडिपस बाहेर आला, तेव्हा मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या. अभिनयाला नव्हे, 'बरी जिरली' या अर्थाच्या. शोकांतिका बघायला आलेली माणसं खलनायकाची फजिती बघून घरी गेली.

म्हणून माझी सवय सांगतो. कुणी इडिपसवर बोलायला आलं की आधी सुरुवातीचं ते भाषण मोठ्याने वाचायला लावतो. वाचताना ज्याचा आवाज चढतो, त्याला परत वाचायला लावतो. कंटाळतात. कंटाळू देत.

गर्वच शोधायचा असेल तर जागा आहेत. सोफोक्लीजच्या आधीच्या नाटककाराचं, एस्किलसचं 'पर्शियन्स' (इ.स.पू. ४७२) घ्या. हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर पूल बांधून समुद्राला जखडणाऱ्या आणि ज्याच्या सैन्याने ग्रीकांची देवळं जाळली त्या पर्शियन राजा झर्क्सिसचा उन्मत्तपणा खुद्द त्याच्या बापाचं, दारियसचं, भूत येऊन काढतं. किंवा सोफोक्लीजचा योद्धा एजॅक्स. 'देवांच्या मदतीने जिंक' म्हणणाऱ्या बापाला तो ऐकवतो की देवांच्या मदतीने कुणीही सोम्यागोम्या जिंकेल, मी त्यांच्याशिवाय जिंकेन. हा गर्व. पण तिथेही गंमत बघा, अथेना देवीचा कोप फक्त त्या एका दिवसापुरता असतो. तो दिवस एजॅक्स तंबूत राहिला तर वाचेल, असा निरोप येतो, आणि निरोप पोचेपर्यंत तो बाहेर पडलेला असतो. नियती म्हणा, उशीर म्हणा. एका म्हणीत बसत नाही एवढं नक्की.

दुसरी लाडकी चूक याच्या अगदी उलटी: 'इडिपस नियतीच्या हातातलं बाहुलं होता.' आपल्याकडे त्याला लगेच प्रारब्धाची जोड मिळते आणि मागच्या जन्मीचं काहीतरी असणार, असं कुणीतरी हमखास लिहितं. सोफोक्लीजच्या नाटकात मागचा जन्म नाही, पापपुण्याची शिल्लक नाही. ती आपण घरून नेलेली. आणि बाहुलं म्हणाल, तर खुन्याचा शोध घ्यायला त्याला कुणी ढकललं? देवाने खुन्याला हाकला किंवा ठार करा एवढंच सांगितलं. टायरेसियस गप्प बसू बघतो, त्याची बायको (आणि आईही) जोकास्टा हातापाया पडून थांबवू बघते, म्हातारा धनगर सांगायला तयार नसतो. भयंकर ते आता ओठांवर आलंय, असं धनगर म्हणतो, तेव्हा इडिपसचं उत्तर असं की माझ्याही कानांवर तेच येणार आहे, तरी ऐकलंच पाहिजे. टायरेसियस आंधळेपणाचं भाकीत करतो खरं. पण डोळे फोडल्यावर इडिपस स्वतः काय म्हणतो? हे दुःख अपोलोने आणलं, घाव मात्र माझ्या हाताने घातला. मी वहीत दोन रकाने पाडतो: कौलाने काय सांगितलं आणि याने आपणहून काय केलं. नाटक संपेपर्यंत दुसरा रकाना पहिल्याच्या कितीतरी पुढे गेलेला असतो.

शॉर्टकटवाल्यांसाठी: शोकांतिकेची मीमांसा करणाऱ्या तत्त्ववेत्त्या ॲरिस्टॉटलपासून सुरुवात करू नका. सोफोक्लीज इ.स.पू. ४०६ मध्ये वारला, ॲरिस्टॉटल ३८४ मध्ये जन्मला. 'हॅमर्शिया'चा, म्हणजे नायकाच्या चुकीचा, साचा हातात घेऊन नायकात खोट शोधत बसलात की खोटच सापडते, नायक राहून जातो. शिवाय ॲरिस्टॉटलही दुष्टपणामुळे नव्हे, चुकीमुळे कोसळणाऱ्या माणसाबद्दल बोलतो. तेवढंही गाईडवाले वाचत नाहीत.

बाकीच्या भराभर.

शेवटी नायक मरतोच असं नाही. इडिपस जिवंत राहतो, आईला मारणारा ओरेस्टिस खटल्यातून सुटतो, आणि मेडिआ पोटची मुलं मारून सूर्यदेवाच्या रथातून निघून जाते.

कोरस, म्हणजे मधूनमधून गाणारा-बोलणारा समूह, हे नाटककाराचं मत नव्हे. ती नाटकातलीच माणसं आहेत. घाबरतात, चुकतात, मत बदलतात.

'शेवटचा धक्का जबरदस्त' असं लिहू नका. कथा प्रेक्षकांना आधीच ठाऊक असायची.

मुलाच्या मनातल्या आईच्या ओढीला इडिपसचं नाव देणाऱ्या मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडला या चर्चेत आणू नका. इडिपसला ती आई आहे हेच माहीत नव्हतं.

आणि सोफोक्लीजच्या थीब्जवरच्या तीन नाटकांना त्रयी, म्हणजे एकत्र सादर करायला लिहिलेली तीन नाटकं, म्हणू नका. 'अँटिगनी' इ.स.पू. ४४१ च्या आसपासचं, 'इडिपस' त्यानंतर दहाएक वर्षांनी लिहिलेलं, 'इडिपस ॲट कोलोनस' तर सोफोक्लीज गेल्यावर ४०१ मध्ये त्याच्या नातवाने रंगमंचावर आणलं. पूर्ण टिकलेली त्रयी एकच, एस्किलसची 'ओरेस्टिया', इ.स.पू. ४५८. त्यामुळे 'इडिपस'मधला समंजस क्रिऑन 'अँटिगनी'त एवढा हट्टी कसा झाला, असं विचारत बसू नका. तो झाला नाही. हट्टी क्रिऑन आधी लिहिला गेला.