मिळकत कर भरताना या चुका टाळा

मिळकत कराचे बिल हाती आले की बहुतेक मालकांची नजर थेट शेवटच्या रकमेवर जाते आणि ती रक्कम ज्या करयोग्य मूल्यावरून निघते, ते वाचायचे राहून जाते. मिळकतीला वर्षाकाठी किती भाडे येऊ शकेल हे ठरवून त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजावट दिली जाते, आणि उरलेल्या रकमेवर निरनिराळ्या करांचे दर लागतात. त्यामुळे क्षेत्रफळ किंवा वापर यांची नोंद चुकली, तर ती चूक दरवर्षीच्या बिलात उतरत राहते.

वापराची नोंद विशेष काळजीने पाहावी. सोलापूरच्या पूर्व भागात खाली यंत्रमाग आणि वर राहते घर, अशी कितीतरी घरे आहेत. माग विकले गेले, त्या जागी मुलांसाठी खोल्या झाल्या, तरी महापालिकेला लेखी कळवले नसेल तर दप्तरी वापर बिगरनिवासीच राहतो. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे रोजगार हमी कर. हा राज्य शासनाचा कर बिगरनिवासी वापरावर लागतो. निव्वळ राहत्या घराच्या बिलात तो दिसला, तर वापर बदलाचा अर्ज द्यावा आणि प्रत्यक्ष पाहणी करून घ्यावी. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नये, कारण पुढे सारा पाठपुरावा त्याच क्रमांकावर होतो.

दुसरी चूक खरेदीनंतरची. दस्त नोंदला म्हणजे कराच्या दप्तरी नाव आपोआप लागले, असे समजू नये. हस्तांतराची सूचना ३ महिन्यांच्या आत महापालिकेला देणे विकणारा आणि घेणारा या दोघांचेही कर्तव्य आहे, आणि ती दिली जात नाही तोवर विकणाऱ्याची करदायित्वातून सुटका होत नाही. घेणाऱ्यानेही निश्चिंत राहू नये. कराचा बोजा मिळकतीवर असतो, म्हणून जुन्या मालकाची थकबाकी शेवटी घरावरच येते. व्यवहारापूर्वी थकबाकी नसल्याचा दाखला मागण्यात संकोच कसला?

१९९२ च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या शेळगी, बाळे, मजरेवाडी अशा भागांत आधी मोकळी जागा घेऊन मागाहून बांधकाम केलेले अनेक जण आहेत. तिथे आकारणी मोकळ्या जागेची आहे की इमारतीची, हे तपासावे. शिवाय कराची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, आणि कर भरला म्हणून अनधिकृत बांधकाम नियमितही होत नाही.

सर्वांत महागात पडते ते रागाने कर थांबवणे. आकारणी वाढल्याची नोटीस आल्यास तिच्यात दिलेल्या मुदतीतच हरकत नोंदवावी आणि सुनावणीला नकाशा, जुनी बिले, भाडेकरार घेऊन जावे. पुढे न्यायालयात अपील करायचे झाले, तरी मागणीची रक्कम आधी जमा करावी लागते. इकडे मुदत उलटलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के शास्ती चढत असते. एवढा व्याजदर सावकाराला शोभावा.

ऑनलाइन भरणा करताना मालकाच्या नावावर विसंबू नये, कारण एकाच आडनावाची घरे एका पेठेत पुष्कळ असतात. जुन्या पावतीवरचा मिळकत क्रमांक समोर ठेवूनच रक्कम भरावी. खात्यातून पैसे गेले आणि पावती निघाली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नये. बँकेचा व्यवहार क्रमांक घेऊन आधी कर विभागात चौकशी करावी.