जर्मनीत संशोधनाला निघताना: पगार, कर आणि युरोचा भाव

पुण्याहून, नागपूरहून, कोल्हापूरहून जर्मनीत पीएच.डी. किंवा पोस्टडॉकसाठी (पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी) निघालेली मुलंमुली फोन करतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, महिन्याला एवढे एवढे युरो मिळणार आहेत, भागेल ना?" मी त्यांना उलट विचारते, हे पैसे पगार म्हणून मिळणार आहेत की स्टायपेंड म्हणून? बऱ्याच जणांनी पत्रात ते पाहिलेलंच नसतं. पुढची सगळी गणितं त्यावर उभी असतात, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

स्टायपेंडवर सहसा जर्मन आयकर लागत नाही. आयकर कायद्याच्या कलम ३ मध्ये संशोधनासाठीच्या शिष्यवृत्तीला अटी घालून सूट आहे. आकडा पूर्ण हातात येतो, त्यामुळे तो मोठा वाटतो. पण त्यातून पेन्शनचा हप्ता जात नाही, बेरोजगारी विम्याचाही जात नाही, आणि आरोग्यविम्याचा पूर्ण भार आपल्यावर पडतो. मूल झालं तर पालकभत्ता आधीच्या कमाईवर ठरतो. ही कमाई म्हणजे करपात्र पगार. स्टायपेंड त्यात धरत नाहीत. मग महिना ३०० युरो हा किमान भत्ताच हाती येतो, जिथे पगारदाराला १,८०० पर्यंत मिळू शकतो. वर्षभरासाठी एकटं जाणाऱ्याला स्टायपेंड चालून जातो. जोडीदारासह तीन-चार वर्षं राहायचं असेल, तर प्राध्यापकांना स्पष्ट विचारा की स्टायपेंडऐवजी पगाराचं काँट्रॅक्ट देता येईल का. विचारण्यात काही वावगं नाही. निधी दोन्हीकडे वापरता येत असेल तर अनेक प्राध्यापक तयार होतात, फक्त आपणहून सांगत नाहीत.

आता पगाराची स्लिप बघू. बहुतेक राज्य विद्यापीठांतल्या संशोधकांना टीव्ही-एल नावाच्या वेतन करारातली ई-१३ श्रेणी लागते. २०२५ मध्ये तिच्या पहिल्या पायरीचा पूर्णवेळ पगार साधारण ४,६३० युरो होता. एकटा, मूल नसलेला माणूस धरा. पेन्शनला ९.३ टक्के म्हणजे सुमारे ४३० युरो जातात, आरोग्यविम्याला चारशेच्या आसपास, शुश्रूषा विम्याला (म्हातारपणी किंवा आजारपणात लागणाऱ्या देखभालीच्या विम्याला) शंभरावर, बेरोजगारी विम्याला साठ, आणि आयकर सातशेच्या घरात. हातात उरतात २,९०० च्या आसपास. पीएच.डी.च्या जागा बहुधा अर्ध्या ते पाऊण वेळेच्या असतात, तेव्हा ४,६३० चा आकडा त्याच प्रमाणात खाली आणा. मूल असेल तर जन्मदाखला पगार कार्यालयात आधीच द्या. निपुत्रिकांकडून शुश्रूषा विम्यासाठी घेतला जाणारा जादा हप्ता मग लागत नाही.

मारी क्युरी ही युरोपीय संघाची संशोधन फेलोशिप मिळालेल्यांनी तर आकड्याकडे दोनदा पाहावं. २०२१ ते २०२४ च्या फेऱ्यांत पोस्टडॉकचा निर्वाह भत्ता महिना ५,०८० युरो जाहीर होता. त्याला आधी देशाचा गुणक (तिथल्या राहणीखर्चाप्रमाणे आकडा कमी-जास्त करणारा) लागतो, मग त्यातूनच संस्थेच्या वाट्याचे विमा हप्तेही वजा होतात, आणि उरते त्याला आपण एकूण पगार म्हणतो. त्यातून पुन्हा आपले हप्ते आणि कर. फेलोशिप मिळाल्याच्या आनंदात घरी रुपयांतला आकडा सांगून झालेला असतो आणि पहिल्या महिन्यात आईवडिलांना वाटतं की मुलाला कुणीतरी फसवलं. कुणी फसवलेलं नसतं, जाहिरातीतला आकडा मुळात संस्थेच्या खर्चाचा होता.

एका गोष्टीवर मी सगळ्यांच्या मागे लागते: अनुभवाची पायरी. ई-१३ मध्ये वर्षभराच्या संबंधित अनुभवानंतर दुसरी पायरी आणि तीन वर्षांनंतर तिसरी मिळू शकते. पहिल्या-दुसऱ्या पायरीतला फरक महिन्याला सुमारे तीनशे युरो आहे. भारतातला अनुभवही धरला जाऊ शकतो, पण तो सिद्ध आपण करायचा. जेआरएफ-एसआरएफच्या (ज्युनिअर आणि सिनियर रिसर्च फेलोशिपच्या) पत्रांवर 'फेलोशिप' असं लिहिलेलं असतं आणि इथला कारकून ते शिक्षण समजून बाजूला ठेवतो. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या भारतातल्या गाइडकडून संस्थेच्या लेटरहेडवर सविस्तर पत्र घ्या: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, कोणत्या उपकरणांवर, कोणत्या प्रकल्पात नेमकं काय काम केलं. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला पहिल्या पायरीवर बसवलं होतं. त्याने असं पत्र आणून लेखी अर्ज केला आणि पायरी बदलून घेतली. मात्र या वेतन करारात हक्क लेखी मागण्याची मुदत सहा महिन्यांची आहे. त्यापेक्षा जुनी थकबाकी बुडते, त्यामुळे 'नंतर बघू' इथे चालत नाही.

तसंच मुदतीचं दुसरं काम म्हणजे व्हीबीएल ही सरकारी नोकरांची पूरक पेन्शन. तिचा नेहमीचा लाभ साठ महिन्यांच्या हप्त्यांनंतरच सुरू होतो. ठरावीक मुदतीच्या करारावरचे संशोधक रुजू झाल्यापासून दोन महिन्यांत अर्ज करून त्यातून बाहेर पडू शकतात. मग संस्था तिचा वाटा त्याच व्हीबीएलच्या ऐच्छिक योजनेत भरते आणि तिथे साठ महिन्यांची अट नसते. दोन-तीन वर्षांसाठी आलेल्याला हाच मार्ग बहुधा फायद्याचा.

आल्यावर शहराच्या कार्यालयात पत्ता नोंदवला की काही आठवड्यांत टपालाने कर क्रमांक येतो. तो पगार कार्यालयाला मिळेपर्यंत सहाव्या, म्हणजे सगळ्यात महाग वर्गाने कर कापला जाऊ शकतो. घाबरू नका, तो नंतर वळता होतो. पण पहिल्या दोन महिन्यांची शिल्लक गाठीशी ठेवा, कारण घरमालक अनामत म्हणून तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत रक्कम मागू शकतो. पत्ता नोंदवताना फॉर्मवर धर्म विचारतात, तो नुसता माहितीसाठी नसतो. गोव्यातून, वसईतून आलेल्या कॅथलिक मित्रमैत्रिणींनी लक्षात ठेवावं की 'कॅथलिक' लिहिलं की आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च कर सुरू होतो. वरच्या उदाहरणात तो महिना साठ युरोंच्या आसपास जाईल. ज्यांना तो द्यायचा आहे त्यांनी जरूर द्यावा, पण माहीत असून. लग्न झालेलं असेल आणि जोडीदार भारतातच असेल, तर कमी कराचा तिसरा वर्ग मिळत नाही. जोडीदार इथे राहायला आल्यावर बदल करून घ्या.

कर विवरणपत्र मात्र भराच. जर्मन करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. ऑक्टोबरात रुजू झालेल्याचा कर दर महिन्याला वर्षभराच्या पगाराच्या हिशेबाने कापला जातो, कमाई मात्र तीनच महिन्यांची असते. २०२५ ची करमुक्त मर्यादा १२,०९६ युरो होती, त्यामुळे कापलेल्यापैकी बहुतेक रक्कम परत मिळते. त्या वर्षातलं भारतातलं उत्पन्न कराचा दर ठरवताना धरतात, तेही लिहायचं. विमानाचं तिकीट आणि सामान हलवल्याच्या पावत्या जपून ठेवा. विवरणपत्र सक्तीचं नसेल तर चार वर्षांपर्यंत मागे जाऊन भरता येतं, आणि 'एल्स्टर' या सरकारी पोर्टलवर ते फुकट होतं.

भारताच्या बाजूला आर्थिक वर्ष एप्रिलपासून, आणि तिथे निघण्याची तारीख महत्त्वाची. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय त्या वर्षात १८२ दिवस भारतात राहिला तर निवासी ठरतो. एक एप्रिलपासून २८ सप्टेंबरपर्यंत १८१ दिवस होतात. वीस सप्टेंबरला निघालात आणि फेब्रुवारीत बहिणीच्या लग्नाला तीन आठवडे आलात, तर दिवस पुन्हा मोजा, कारण तेही धरले जातात. निवासी ठरलात तर जर्मन पगार भारतातल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. दुहेरी कर टाळण्याच्या करारामुळे जर्मनीत भरलेल्या कराचं श्रेय मिळतं, पण कागदपत्रं आपण द्यायची. कायमचं परत आल्यावर जर्मन बँक खातं परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचं. काळ्या पैशांच्या २०१५ च्या कायद्यात ते न दाखवल्यास १० लाखांचा दंड आहे. २०२४ पासून एकूण २० लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला त्या दंडातून सूट आहे, तरी तक्ता भरायचाच.

बँकेतलं जुनं बचत खातं एनआरओमध्ये (अनिवासी भारतीयांचं, भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) बदलून घ्या आणि युरो पाठवायला एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं अनिवासी खातं) उघडा. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त आहे, म्हणून लोक निश्चिंत असतात. पण तुम्ही जर्मनीत राहता, तेव्हा जर्मनीला ते करपात्र आहे. वर्षाला १,००० युरोपर्यंतच्या व्याज-लाभांशाला तिथे सूट मिळते, त्याहून जास्त रकमेवर कर.

आता भाव. २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात युरो ८० रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो शंभरावर गेला. शैक्षणिक कर्जाचा हप्ता रुपयांत असलेल्यांना हे सुखाचं. जपानमधल्या माझ्या मैत्रिणीचं उलटं झालं. २०२१ च्या सुरुवातीला येन ७० पैशांच्या आसपास होता, २०२४ च्या जुलैत तो ५२ पैशांवर आला. तिचा पगार येनमध्ये तेवढाच, साताऱ्याच्या घराचा हप्ता रुपयांत तेवढाच, आणि त्यासाठी येन मात्र कितीतरी जास्त. म्हणून भारतातला हप्ता ठरवताना आजच्या भावाने हिशेब करू नका. चलन १५-२० टक्के पडलं तरी झेपेल एवढंच डोक्यावर घ्या. भाव वाढेल म्हणून वर्षभर पैसे अडवून ठेवणं मला पटत नाही. हप्त्याचे पैसे दरमहा पाठवावेत, इथल्या खर्चाचे इथेच राहू द्यावेत. पाठवताना 'शुल्क शून्य' या जाहिरातीवर जाऊ नका. बाजारातला मधला दर आणि तुम्हाला मिळणारा दर यातला फरक बघा. आज १,००० युरोंना खात्यात नेमके किती रुपये पडतील, एवढंच दोन-तीन ठिकाणी विचारा.

करार संपायच्या तीन महिने आधी रोजगार कार्यालयात नोंद करा, नाहीतर बेरोजगार भत्त्यातला एक आठवडा कापला जातो. गेल्या तीस महिन्यांत बारा महिने हप्ते भरलेले असतील तर सहा महिने बेरोजगार भत्ता मिळतो, चोवीस भरले असतील तर वर्षभर.

कायमचे भारतात परतलात आणि पेन्शनचे हप्ते साठ महिन्यांहून कमी असतील, तर युरोपीय संघाबाहेर राहून चोवीस महिने झाल्यावर आपल्या वाट्याची रक्कम परत मागता येते. वरच्या पगारावर तीन वर्षांचे ते १५,००० युरोंच्या वर होतात. मात्र रक्कम घेतली की त्या काळाचे सगळे हक्क संपतात. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे आणि त्यामुळे भारतातली पीएफची वर्षं साठ महिन्यांच्या अटीत मोजली जाऊ शकतात. पुन्हा युरोपात यायचा विचार असेल तर अर्ज करायची घाई नको. निघताना पेन्शन विमा क्रमांकाचं पत्र आणि दरवर्षीचं सामाजिक विम्याचं प्रमाणपत्र सोबत घ्या. भारतातून अर्ज करताना हेच दोन कागद आधी मागतात.